राजघाटावरून दिसणारा जिल्हा : बऱ्हाणपूरचे उत्पन्न आणि पाण्याचा जमाखर्च

मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावणारी तापी नदी सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतजवळ अरबी समुद्रास मिळते. सातपुड्याच्या रांगांतून बाहेर पडून ती खानदेशच्या काळ्या मैदानात प्रवेश करते, त्या ठिकाणी तिच्या उजव्या तीरावर बऱ्हाणपूर शहर वसलेले आहे. शाही किल्ल्यानजीकचा राजघाट हा या शहराचा एक प्रमुख घाट होय. आषाढ शुद्ध सप्तमीस तापीच्या जन्मोत्सवानिमित्त घाटांवर मोठी गर्दी लोटते. राजघाटाजवळ नदीच्या पात्रात दगडी हत्ती आहे. पावसाळ्यात पाणी हत्तीच्या कोठवर आले, यावरून पुराचा अंदाज बांधण्याची लोकांची जुनी सवय आहे.

नदी किती चढली हे सांगणारी खूण अशी सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. तथापि, या जिल्ह्याचे अर्थजीवन आज ज्या पाण्यावर प्रामुख्याने उभे आहे, ते पाणी डोळ्यांना दिसत नाही. ते जमिनीखाली आहे. केळीच्या बागा, गावोगावचे नळ आणि शेतमजुरांचा रोजगार ही तिन्ही त्याच एका साठ्यावर अवलंबून आहेत. वाढत्या जिल्ह्याचे राहणीमान समजून घ्यावयाचे असेल, तर उत्पन्नाच्या आकड्यांबरोबर या साठ्याचा जमाखर्चही तपासणे अगत्याचे ठरते.

जिल्ह्याची ओळख

बऱ्हाणपूर हे नाव इतिहासाला नवीन नाही. फारुकी घराण्याच्या काळात वसलेले हे शहर १६०१ मध्ये असीरगड पडल्यानंतर मोगलांच्या ताब्यात आले व खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे बनले. येथे विणले जाणारे कापड इराण, तुर्कस्तान व रशियापर्यंत जात असे, असे सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने नमूद केले आहे. शहर जुने असले तरी जिल्हा मात्र नवा आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाड म्हणजे खंडवा जिल्ह्यातून तो वेगळा करण्यात आला. दक्षिणेस त्याची सीमा महाराष्ट्राच्या रावेर व मुक्ताईनगर या तालुक्यांशी भिडते. बाजारपेठ, सोयरिक आणि भाषा या बाबतींत ही सीमा फारशी जाणवत नाही. इच्छापूरच्या इच्छादेवीला दोन्ही राज्यांतील भाविक जातात, तर बऱ्हाणपूरच्या मंडीतील केळीच्या भावाकडे रावेर-यावलच्या शेतकऱ्यांचेही लक्ष असते.

२००१ च्या जनगणनेच्या वेळी या प्रदेशाची लोकसंख्या ६,३४,८८३ होती. २०११ मध्ये ती ७,५७,८४७ झाली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे १९ टक्के वाढ झाली. यांपैकी साधारणतः एक तृतीयांश लोक शहरी भागात राहतात व एकट्या बऱ्हाणपूर शहराची लोकसंख्या २,१०,८८६ होती. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के होते. त्या वेळी देशाची सरासरी ७३ टक्क्यांच्या आसपास होती. अनुसूचित जमातींचा वाटा जवळजवळ ३० टक्के आहे. पुढील जनगणनेचे आकडे हाती येईपर्यंत अभ्यासासाठी हेच आकडे आधारभूत धरावे लागतात.

या आकड्यांमागे तीन निरनिराळी जीवने आहेत. तापीकाठच्या काळ्या जमिनीतील बागाईतदाराचे एक, शहरातील मागावर काम करणाऱ्या कारागिराचे दुसरे आणि सातपुड्यातील कोरकू, भिल्ल, भिलाला व बारेला कुटुंबांचे तिसरे. जिल्हा वाढत आहे असे म्हणताना या तिघांच्या वाट्यास काय आले, हे स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक आहे.

केळी : रोकड देणारे पीक

तापीच्या गाळाची खोल जमीन, उष्ण हवामान आणि विहिरींचे पाणी यांमुळे बऱ्हाणपूर-जळगाव हा सलग पट्टा देशातील केळीच्या प्रमुख पट्ट्यांपैकी एक बनला. मुंबई-खंडवा लोहमार्गामुळे उत्तर भारताची बाजारपेठ जवळ आली. 'एक जिल्हा, एक उत्पादन' या योजनेत बऱ्हाणपूरसाठी केळीचीच निवड झालेली आहे. केळीच्या खोडापासून धागा काढणे, केळीचे वेफर व पीठ बनविणे अशा कामांत महिला बचत गटांनीही पाऊल टाकले आहे.

लागवडीच्या पद्धतीतही मोठा बदल झाला. पूर्वी कंदापासून लावलेल्या बागेचा घड हाती येण्यास पंधरा ते अठरा महिने लागत. टिश्यूकल्चरची ग्रँड नैन जातीची रोपे, ठिबक सिंचन आणि विद्राव्य खते यांच्या साह्याने आता अकरा-बारा महिन्यांत कापणी सुरू होते. पीक लवकर आले, घड वजनदार झाले आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळू लागला. सिमेंटची घरे, ट्रॅक्टर, मुलांचे शहरातील शिक्षण ही समृद्धी या पिकाने दिली आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

या समृद्धीला जोखीमही तेवढीच चिकटलेली आहे. रोपे, ठिबक, खते आणि मजुरी यांवरील खर्च लागवडीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो, उत्पन्न मात्र वर्षाच्या शेवटी एकदाच येते. मे-जूनमधील वादळी वारा निसवलेल्या बागा काही मिनिटांत आडव्या करतो. कुकुंबर मोझॅक या विषाणुरोगाने कोवळ्या बागा उपटून टाकाव्या लागतात. फळ नाशवंत असल्याने भाव पडला तरी कापणी थांबविता येत नाही. ज्याच्याकडे पाच-दहा हेक्टर जमीन आहे, तो असे एक वर्ष सोसू शकतो. एक-दीड हेक्टरच्या शेतकऱ्यास मात्र पुढील लागवड कर्जानेच करावी लागते.

मागावरचे जीवन

बऱ्हाणपूर शहरात यंत्रमागाचा खडखडाट अनेक मोहल्ल्यांतून दिवसरात्र ऐकू येतो. हजारो कुटुंबांची चूल या मागांवर पेटते. व्यापारी सूत देतो, मागवाला ठरलेल्या मजुरीवर कापड विणून देतो आणि प्रत्यक्ष माग चालविणारा कारागीर मीटरच्या हिशेबाने मजुरी घेतो. सुताचे भाव वाढले किंवा कापडाला उठाव नसला, की व्यापारी सूत देणे कमी करतो, माग थांबतात आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. घरातील स्त्रिया कांड्या भरण्याचे काम करतात, पण त्यांच्या श्रमाची नोंद बहुधा कोठेच होत नाही. वीज, रस्ता आणि नळ या सोयी शहराच्या या भागात आल्या असल्या, तरी ज्या खोलीत माग आहे त्याच खोलीत झोपणे, हेही तेथील वास्तव आहे.

मोठ्या कारखान्यांचा अनुभवही विचार करण्यासारखा आहे. १९४७ मध्ये खाजगी कंपनी म्हणून सुरुवात झालेला नेपानगरचा कागद कारखाना पुढे शासनाने हाती घेतला. २६ एप्रिल १९५६ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. देशात वृत्तपत्री कागद तयार करणारा हा पहिला कारखाना. सातपुड्यातील सलई व बांबू यांच्या भरवशावर तो उभा राहिला आणि त्याच्याभोवती एक संपूर्ण वसाहत वाढली. पुढे परदेशी कागदाची स्पर्धा आणि जुनी यंत्रे यांमुळे तो तोट्यात गेला. २०१६ मध्ये आधुनिकीकरणासाठी उत्पादन थांबले व ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. मधल्या सहा वर्षांत नेपानगरच्या बाजारपेठेने जे सोसले, त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. एकाच आधारावर उभी राहिलेली वसाहत तो आधार डळमळताच अडचणीत येते. केळीच्या पट्ट्यातील गावांनी हा धडा आपल्या भूजलाच्या संदर्भात वाचावयास हवा.

डोंगरातील तिसरे जीवन

खकनार, नेपानगर व धूलकोटच्या बाजूस जमीन उथळ व उताराची आहे. तेथे पाऊस पडतो, पण वाहून जातो. खरिपाचे पीक निघाल्यावर अनेक आदिवासी कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात. काही जण केळीच्या बागांत येतात, तर काही ऊसतोडीसाठी महाराष्ट्रात दूरवर जातात. मुले बरोबर गेली की शाळा सुटते. जिल्ह्याच्या साक्षरतेचा आकडा मागे राहण्याचे हे एक कारण आहे. म्हणजेच, डोंगरातील ज्या पाण्याने मैदानातील बाग भिजते, ते डोंगरावर न थांबल्यामुळे तेथील माणूसही त्या पाण्यामागोमाग खाली उतरतो.

घरोघरी नळ

राहणीमानाच्या दृष्टीने अलीकडील काळातील सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे ग्रामीण नळयोजना होय. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन सुरू झाले, तेव्हा जिल्ह्यातील १,०१,९०५ ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ३७,२४१ कुटुंबांकडे, म्हणजे सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे, नळाचे पाणी होते. त्यानंतर चौतीस महिन्यांत उर्वरित घरांना जोडण्या देण्यात आल्या. जुलै २०२२ मध्ये सर्व २५४ गावांच्या ग्रामसभांनी तसे ठराव केले आणि 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेला देशातील पहिला जिल्हा असा मान बऱ्हाणपूरला मिळाला.

या कामाचे मोल केवळ आकड्यांत सांगता येणार नाही. हंडा घेऊन विहिरीवर रांग लावण्यात जो वेळ जात होता, तो स्त्रियांच्या व मुलींच्या हाती परत आला. तो वेळ कोणी कामाला लावला, कोणी अभ्यासाला, तर कोणी विश्रांतीला. तथापि, जोडणी मिळणे आणि पाणी मिळत राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ग्रामीण योजनांचा प्रमुख आधार भूजल हाच आहे. गावाची पिण्याच्या पाण्याची कूपनलिका आणि शेजारच्या बागेची कूपनलिका एकाच थरातून पाणी उपसतात. उन्हाळ्यात तो थर खाली गेला, तर घरातील तोटी जागेवर राहील, पण तिच्यातून पाणी येणार नाही.

एका हेक्टरचा हिशेब

हा प्रश्न समजण्यासाठी एक साधा हिशेब करून पाहावा. केळीची लागवड दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर केली, तर एका हेक्टरात सुमारे ४,४४४ झाडे बसतात. ऐन उन्हाळ्यात वाढलेल्या झाडास ठिबकनेही रोज १५ ते २० लिटर पाणी द्यावे लागते. २० लिटर धरल्यास एका हेक्टराची एका दिवसाची गरज ८८,८८० लिटर होते. नळयोजनेत दरडोई दररोज ५५ लिटर पाणी धरलेले आहे. या मापाने एका हेक्टर केळीचे एका दिवसाचे पाणी सुमारे १,६०० माणसांच्या एका गावास पुरते.

यावरून केळी लावू नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. केळीनेच या पट्ट्याला रोकड व रोजगार दिला आहे. मात्र बाग आणि तोटी यांचे खाते एकच आहे, हे या हिशेबाने ध्यानात यावे. ठिबकमुळे पाटाच्या पाण्याच्या तुलनेत मोठी बचत होते, हे खरे. परंतु वाचलेल्या पाण्यावर आणखी एक हेक्टर बाग वाढविली, तर एकूण उपसा पूर्वीएवढाच राहतो. बचत झाली असे शेतकऱ्यास वाटते, विहिरीस मात्र ती कळत नाही.

पातळी खाली जाऊ लागली, की त्याची झळ ठरावीक क्रमाने लागते. प्रथम उथळ विहीर असलेला लहान शेतकरी पाण्यावाचून राहतो. मोठा बागाईतदार अधिक खोल कूपनलिका घेतो व काही वर्षे तग धरतो. लहान बागा मोडल्या की मजुरांचे कामाचे दिवस घटतात. शेवटी गावाच्या नळास खंड पडतो. म्हणून भूजल हा केवळ शेतीचा विषय नसून गावातील विषमतेचाही विषय आहे.

१६१५ ची रचना आणि २०२५ चा करार

या भूमीचा एक विशेष गुण पूर्वजांनी ओळखला होता. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा व वाळूचा जाड थर साचलेला आहे. त्यास बझाडा पट्टा म्हणतात. या पट्ट्यात पाणी वेगाने जिरते आणि जमिनीखालून तापीच्या दिशेने सरकते. १६१५ च्या सुमारास, अब्दुर रहीम खानखाना यांच्या कारकिर्दीत, या सरकत्या पाण्याला वाटेतच अडवून शहराकडे वळविणारी भूमिगत योजना उभारण्यात आली. शंभराहून अधिक कुंड्या खाली एका बोगद्याने जोडलेल्या आहेत व पाणी कोणत्याही यंत्राविना केवळ उताराने वाहते. हाच कुंडी भंडारा होय. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचा समावेश झाला. आज क्षारांचे थर आणि घटते भूजल या दोन्हींपासून त्यास जपावे लागत आहे. चारशे वर्षांपूर्वीची ही रचना टिकली, याचे कारण तिने जेवढे पाणी आपोआप वाहत आले तेवढेच घेतले.

त्याच बझाडा पट्ट्याचा उपयोग आता मोठ्या प्रमाणावर करण्याचे योजले आहे. तापी बेसिन मेगा रिचार्ज प्रकल्पाबाबत मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांत १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे करार झाला. त्यानुसार ३१.१३ टीएमसी पाण्याचा वापर अपेक्षित आहे (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यातील ११.७६ टीएमसी मध्य प्रदेशाच्या व १९.३६ टीएमसी महाराष्ट्राच्या वाट्यास येईल. मध्य प्रदेशातील १,२३,०८२ हेक्टर आणि महाराष्ट्रातील २,३४,७०६ हेक्टर क्षेत्रास लाभ व्हावा, अशी योजना आहे. पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी कालव्यांनी पायथ्याशी नेऊन जमिनीत जिरविणे, हे तिचे मुख्य तत्त्व होय.

असे प्रकल्प पूर्ण होण्यास वर्षे लागतात. शिवाय जमिनीत भरलेल्या पाण्यास मालकाचे नाव नसते. ज्याचा पंप मोठा, तो ते आधी उपसतो. म्हणून भरण्याच्या योजनेबरोबर उपशाची शिस्त गावोगाव लागली नाही, तर नवे पाणीही जुन्याच वाटेने जाईल.

गावाने काय करावे ?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने यासंबंधी एक पद्धत घालून दिली आहे. तेथे दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचे अंदाजपत्रक मांडतात आणि त्यावरून पिके ठरवितात. सिंचनासाठी कूपनलिका घेणे व केळी, ऊस यांसारखी पिके लावणे यांवर त्या गावाने स्वतःच बंदी घातली. बऱ्हाणपूरच्या पट्ट्यात केळीबंदी शक्य नाही व इष्टही नाही. परंतु मोजून खर्च करण्याची रीत कोणत्याही गावास घेता येईल. त्यासाठी पुढील कामे ग्रामपंचायत व शाळा यांच्या आवाक्यातील आहेत :

१. गावातील चार-पाच ठरावीक विहिरींची पाणीपातळी मे आणि ऑक्टोबर महिन्यांत दोरीने मोजून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वर्षवार लिहावी.

२. शाळेत पर्जन्यमापक बसवावा. रोजची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी व ती ग्रामसभेत वाचून दाखवावी.

३. गावातील कूपनलिका आणि केळीखालील क्षेत्र यांची नोंदवही करावी. दिवाळीपूर्वीच्या ग्रामसभेत त्या वर्षीचा पाऊस पाहून नव्या बागांविषयी विचारविनिमय व्हावा.

४. पिण्याच्या पाण्याच्या उगमाभोवती नवी कूपनलिका न घेण्याचा ठराव सर्वांनी पाळावा, आणि नळाची पाणीपट्टी नियमित भरावी.

५. डोंगरउतारावरील समतल चर व नाल्यांवरील बांध ही कामे आदिवासी पाड्यांत प्राधान्याने घ्यावीत. त्यामुळे तेथे रोजगार मिळेल व खालच्या विहिरींसही पाणी लाभेल.

६. घराच्या छपराचे पाणी अडवावे. ५० चौरस मीटरच्या छपरावर ८०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ४०,००० लिटर पाणी मिळते. त्यातील आठ दशांश जरी साठविले वा विहिरीत सोडले, तरी ते ३२,००० लिटर होते. पाच माणसांच्या कुटुंबास दररोज २७५ लिटर या मापाने ते सुमारे ११६ दिवस पुरेल.

शिक्षकांनी हे दोन्ही हिशेब विद्यार्थ्यांकडून आपल्या गावाच्या आकड्यांनी करून घ्यावेत. आपल्या शिवारात केळीचे किती हेक्टर आहेत, गावाची लोकसंख्या किती आहे आणि यंदा पाऊस किती पडला, ही तीन उत्तरे मिळाली की गावाचा ताळेबंद मांडता येतो. सातवी-आठवीच्या मुलास जमेल असेच हे गणित आहे.

राजघाटावर उभे राहून तापीचा पूर पाहणाऱ्यास दगडी हत्तीवरून पाण्याची उंची कळते व तो वेळीच घाट सोडून वर येतो. जमिनीखालच्या पाण्याची अशीच एक खूण प्रत्येक गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असणे आवश्यक आहे. ती खूण दरवर्षी खाली सरकत असेल, तर बाग, मजुरी आणि नळ या तिन्हींविषयी निर्णय घेण्याची वेळ आली आहे, असे ग्रामसभेने समजावे. जिल्ह्याची वाढ टिकावयाची, तर हा निर्णय विहीर कोरडी पडण्यापूर्वी झाला पाहिजे.